मॅव्हरिक 88 : सात महिने, अकराशे काडतुसं

सात महिने झाले ही शॉटगन घेऊन, साधारण अकराशे काडतुसं उडवून झालीत, तेव्हा आता बोलायला हरकत नाही. मी टेक्ससमध्ये राहतो, शिकारीची आवड अजिबात नाही. ऑफिसमधल्या एकाने ट्रॅप शूटिंगला नेलं, त्या नारिंगी बशा हवेत उडतात आणि आपण फोडायच्या, तिथेच अडकलो. त्याआधी बंदुकीशी संबंध एवढाच की गावी काकांची सिंगल नळी बारा बोअर होती आणि निवडणूक आली की ते ती पोलीस ठाण्यात जमा करायला न्यायचे.

इथे ग्रीन कार्ड असेल तर बंदूक खरेदीचा 4473 नंबरचा फॉर्म भरायचा, दुकानदार चौकशी करतो आणि सगळं नीट असेल तर त्याच दिवशी मिळते. एच-वन-बीवाल्यांना मात्र वैध हंटिंग लायसन्स वगैरे अपवाद असल्याशिवाय मिळत नाही, आधीच बघून घ्या. मी पहिल्या दिवशी हात हलवत परत आलो कारण ड्रायव्हिंग लायसन्सवर जुना पत्ता होता. चूक माझीच.

आधी सिंगल शॉट, म्हणजे एका वेळी एकच काडतूस बसणारी, घ्यायचं मनात होतं, अगदी स्वस्त आणि उचलायला हलकी. पण हलकी हाच तिचा प्रॉब्लेम, काडतूस तेच आणि बंदुकीचं वजन कमी म्हणजे धक्का सगळा खांद्यात. काडतुसाच्याच गॅसवर आपोआप पुढचं काडतूस भरणारी सेमी-ऑटो कमी धक्का मारते पण किंमत दुप्पट-तिप्पट, त्यामुळे मधला मार्ग म्हणून पंप, जिचा पुढचा हँडल दर वेळी हाताने मागे-पुढे ओढायचा. मॅव्हरिक 88 ही मॉसबर्ग कंपनीचीच स्वस्त लाइन, 12 गेज (म्हणजे बारा बोअर), माझी 28 इंच बॅरलवाली, वजन सातेक पौंड, मला टॅक्स सोडून 240 डॉलरला पडली. आतलं काम बरंचसं त्यांच्याच मॉसबर्ग 500 मॉडेलसारखंच. मोठा फरक म्हणजे सेफ्टी इथे ट्रिगरपाशी आडवं बटन आहे, दाबून सेफ्टी काढली की लाल रिंग दिसते, आणि 500 ला ती वर अंगठ्याखाली असते.

पहिल्या महिन्यात खांदा काळानिळा. बायको म्हणाली पैसे देऊन मार खाऊन येतोस. मी पाच फूट पाच इंच, फुल साइज दस्ता मला लांब पडायचा, उचलताना टीशर्टच्या काखेत अडकायचा, मग घाईत तो खांद्याच्या खळग्यात न बसता दंडावर बसायचा आणि तिथेच हाणायचा. रेंजवरच्या एका आजोबांनी दोन गोष्टी सांगितल्या, पुढे झुक आणि काडतूस बदल. सव्वा औंस छर्‍यांची जड काडतुसं वापरत होतो ती सोडून एक औंसाची घेतली, नंतर 500 चा छोटा युथ स्टॉक, म्हणजे आखूड दस्ता, बसवला (तो मॅव्हरिकलाही बसतो, पुढचा हँडल मात्र बसेलच असं नाही). दुखणं थांबलं. स्कोअर पहिल्या दिवशी 25 पैकी 6 होता, आता 17-18 येतो.

बंदूक अडकली का? दोन-तीनदा, आणि दर वेळी मीच पंप अर्धवट मागे ओढला होता. रिकामं काडतूस बाहेर पडायच्या आतच हात पुढे ढकलला की झालं, खेळ खल्लास. पूर्ण मागे, खट्ट आवाज येईपर्यंत, मग पुढे. साफसफाई सोपी, मॅगझिन ट्यूबच्या (बॅरलखालची काडतुसं भरायची नळी) टोकाचा स्क्रू फिरवला की बॅरल हातात येते. घरात लहान मुलगा आहे म्हणून बंदूक सेफमध्ये आणि काडतुसं वेगळ्या कुलपात, यात आळस नाही.

खर्चाचं मात्र कोणी आधी बोलत नाही. एका शनिवारी दोन राउंड म्हणजे 50 काडतुसं, दोन बॉक्स, वीस डॉलर, वर रेंजची फी. म्हणजे माझ्या काडतुसांचाच खर्च बंदुकीच्या जवळपास दुप्पट झालाय. दुकानात 240 आणि 300 मध्ये तासभर घोळ घातला होता, आता हसू येतं.

आता बायकोलाही यायचंय. तिच्यासाठी 20 गेज (12 पेक्षा लहान बोअर) बघतोय, पण ती डावखुरी, आडवं बटन तिला उलटं पडतं, त्यामुळे तिच्यासाठी वर सेफ्टी असलेलीच शोधतोय, साठ-सत्तर डॉलर जास्त गेले तरी चालतील.