विकणारा भागीदार घ्यावा की पैसेवाला? रॉइस आणि बेंटलीचे दोन रस्ते

माल उत्तम बनतो, पण पुढे न्यायचा कसा, इथे अडलेल्या कारखानदारासमोर बहुधा दोन माणसं येतात. एक म्हणतो, "तू बनव, विकायचं मी बघतो." दुसरा म्हणतो, "पैसे मी घालतो, हिस्सा दे." कोणाला हो म्हणायचं हे ठरवायला इंग्लंडमधल्या रोल्स-रॉइस आणि बेंटलीइतकी चांगली जोडी मला सापडलेली नाही. कारण कारागिरीत दोघं तोडीस तोड. हेन्री रॉइस आणि डब्ल्यू. ओ. बेंटली, दोघांनीही ग्रेट नॉर्दर्न रेल्वेत उमेदवारी केलेली. रॉइसची पैशांअभावी अर्धवट सुटली, बेंटलीची पुरी झाली, एवढाच फरक.

रॉइसबद्दल एक गोष्ट लोक विसरतात. कार बनवायला घेतली तेव्हा त्याचा वीस वर्षांचा चालता धंदा होता. १८८४ पासून मँचेस्टरमध्ये विजेच्या घंट्या, मग डायनॅमो, क्रेन. १९०३ मध्ये त्याने जुनी फ्रेंच डेकोव्हिल गाडी घेतली, तिच्यातल्या उणिवा खटकल्या आणि त्याने स्वतःच तीन गाड्या बांधल्या. मे १९०४ मध्ये मँचेस्टरच्या मिडलँड हॉटेलात चार्ल्स रोल्स भेटला. हा लंडनला परदेशी गाड्या विकणारा सरदारपुत्र, उच्चभ्रू गिऱ्हाईक त्याच्या ओळखीचंच. डिसेंबरात करार झाला: रॉइस बनवेल त्या सगळ्या गाड्या रोल्स घेणार आणि त्या 'रोल्स-रॉइस' नावाने विकणार. म्हणजे बनवणाऱ्याचं नाव मागे, विकणाऱ्याचं पुढे! रॉइसने मान दिला आणि ठरलेलं गिऱ्हाईक घेतलं. माझ्या मते सौदा स्वस्तात पडला.

खरा विक्रेता मात्र रोल्सचा भागीदार क्लॉड जॉन्सन. १९०७ मध्ये त्याने चांदीच्या रंगाची एक गाडी १४,३७१ मैल पळवली. सक्तीचा थांबा एकच: ६२९ मैलांवर पेट्रोलची चावी हादऱ्याने आपोआप बंद झाली. नंतर निरीक्षकांसमोर गाडी सुटी केली. झिजलेले भाग बदलायचा खर्च निघाला दोन पौंड, दोन शिलिंग, सात पेन्स. हा आकडा कुठल्याही जाहिरातीपेक्षा जड होता. पुढच्याच वर्षी मुंबई आणि कोल्हापूरदरम्यानची ६२० मैलांची चाचणी 'पर्ल ऑफ द ईस्ट' नावाच्या रोल्स-रॉइसने घाट चढून जिंकली आणि ती गाडी ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडे गेली. आधी दाखवा, मग विका. १९०८ पासून जॉन्सनने एकाच मॉडेलवर भर द्यायला लावला, तोही निर्णय विकणाऱ्याचा. १९१० मध्ये रोल्स विमान अपघातात गेला, वर्षभरात रॉइस गंभीर आजारी पडला, तरी धंदा थांबला नाही. जॉन्सनने घडी बसवलेली होती.

आता बेंटली. कंपनी १९१९ ची. त्याच वर्षी लंडनच्या ऑलिम्पिया प्रदर्शनात त्याने चासी, म्हणजे गाडीचा नुसता सांगाडा, मांडली, आणि गिऱ्हाइकाच्या हाती पहिली गाडी पडली १९२१ मध्ये. मधली दोन वर्षं भाडं, पगार, कच्चा माल सगळं चालू आणि आवक शून्य. त्यावर गाडीला पाच वर्षांची हमी. माल इतका खणखणीत की १९२४ मध्ये फ्रान्समधली ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली, पण तिजोरी कायम रिकामी. १९२६ मध्ये किंबर्लीच्या हिऱ्यांचा वारस वूल्फ बार्नाटो पैसे घेऊन आला. तो चेअरमन झाला आणि बेंटली स्वतःच्याच कंपनीत पगारी माणूस.

बार्नाटोला खलनायक ठरवणं मात्र अन्यायाचं. तो नसता तर कंपनी तेव्हाच बसली असती. शिवाय नुसता सावकार नव्हता. १९२८, २९, ३० अशी सलग तीन वर्षं ल माँ त्याने स्वतः गाडी चालवून जिंकली. अडचण झाली ती वेगळीकडे. बेंटलीच्या गाड्या शर्यतीत चालवणाऱ्या टिम बर्किनला इंजिनवर सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणारा पंप, बसवायचा होता. बेंटलीचा ठाम विरोध होता, त्याला मोठं इंजिन हवं होतं. बार्नाटोने होकार दिला, आणि शर्यतीच्या नियमापायी तशा पन्नास गाड्या बांधणं भाग पडलं. त्या 'ब्लोअर' बेंटलीने एकही मोठी शर्यत जिंकली नाही. आज संग्राहक तिच्यावर जीव टाकतात, ते सोडा.

१९३० मध्ये, मंदी सुरू असताना, रोल्स-रॉइसच्या गिऱ्हाइकावर डोळा ठेवून आठ लिटरची अवाढव्य गाडी काढली. तशा शंभर झाल्या. १९३१ मध्ये बार्नाटोने हात आखडता घेतला आणि रिसीव्हर, म्हणजे बुडत्या कंपनीची देणी भागवायला नेमलेला अधिकारी, आला. नेपियर कंपनी विकत घेणार असं वाटत असतानाच एका अनोळखी ट्रस्टने जास्त बोली लावली. मागे होती रोल्स-रॉइस.

विकणारा भागीदार मिळाला की सुटलो, असंही नाही. विमानाच्या आरबी२११ इंजिनाचा खर्च हाताबाहेर गेला आणि १९७१ मध्ये रोल्स-रॉइसही दिवाळखोरीत निघाली. सरकारला ताब्यात घ्यावी लागली.

मग कोणाला हो म्हणावं? माल तयार आहे आणि ऑर्डरी नाहीत, तर डोळे झाकून जॉन्सनसारखा माणूस शोधा, नावात वाटा मागितला तरी द्या. ऑर्डरी आहेत पण कच्च्या मालाला पैसे नाहीत, तर बार्नाटो लागेलच. तेव्हा टक्क्यांवर घासाघीस करण्याआधी दोन गोष्टी कागदावर घ्या. पहिली, नवं मॉडेल काढायचा शेवटचा शब्द कोणाचा. दुसरी, नाव कोणाचं. १९९८ मध्ये फोक्सवॅगनने ४३ कोटी पौंड मोजून रोल्स-रॉइस आणि बेंटली गाड्यांचा कारखाना घेतला, पण 'रोल्स-रॉइस' हे नाव विमान-इंजिनांच्या कंपनीकडे होतं. ते चार कोटींत बीएमडब्ल्यूला मिळालं. आणि डब्ल्यू. ओ. बेंटलीने पुढे लगोंडा या दुसऱ्या इंग्लिश मोटार कंपनीसाठी गाडी आखली, तेव्हा तिला 'लगोंडा-बेंटली' म्हणू नये म्हणून रोल्स-रॉइस कोर्टात गेली आणि जिंकली.