कंपनी बंद करून देतो म्हणाला आणि आम्हालाच गोत्यात घातलं

धंदा बंद पडून अडीच वर्षं झालेली कंपनी कागदावर बंद करण्याच्या नादात आमचे २,१७,४०० रुपये गेले. त्यातले ४८,५०० आमचे कागद बघणाऱ्या टॅक्स कन्सल्टंटने आमच्या हातातून मोजून घेतले. उरलेले १,६८,९०० त्याने न केलेल्या कामाची लेट फी आणि थकबाकी म्हणून आम्ही सरकारात भरले. वकिलांनी बजावल्यामुळे त्याचं नाव लिहीत नाही. पण सांगली-मिरज-कुपवाडात कुणी छोटी प्रायव्हेट लिमिटेड बंद करायला काढली असेल, तर कुणाच्याही हातावर एक रुपया ठेवण्याआधी हे वाचा.

मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई, आम्ही दोघींनी २०१८ च्या एप्रिलमध्ये हळदपूड आणि कांदा-लसूण मसाल्याची कंपनी काढली. प्रायव्हेट लिमिटेडच काढा हा सल्लाही त्याचाच. "मोठ्या दुकानांत माल लावायचा तर नावापुढे प्रायव्हेट लिमिटेड पाहिजे, वहिनी." आम्हाला भागीदारीसुद्धा चालली असती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुराचं पाणी मारुती रोडला आलं, आमचं गोडाऊन तिथंच मागच्या गल्लीत. हळकुंडाची पोती पाण्यात बसली. त्यातून उठतोय तोवर लॉकडाऊन, आणि जुलै २०२१ मध्ये परत पाणी. मार्च २०२२ ला आम्ही थांबलो. अडत्यांचे, पॅकिंगवाल्याचे, कामाला येणाऱ्या बायकांचे, सगळ्यांचे पैसे चुकते केले. एकाचाही रुपया बुडवला नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण पुढे ज्या ज्या टेबलापुढे उभ्या राहिलो तिथं आमच्याकडे थकबाकीदार म्हणूनच बघितलं गेलं.

जून २०२२ मध्ये त्याने आकडा सांगितला तो असा: ऑडिट आणि शेवटच्या वर्षाचे रिटर्न १८,०००, कंपनी बंद करण्याची सरकारी फी १०,०००, त्याची स्वतःची फी १२,०००, जीएसटी नंबर रद्द करायचे ५,००० आणि "वरचा खर्च" ३,५००. एकूण ४८,५००. जीएसटी नोंदणी रद्द करायला सरकार एक पैसा घेत नाही, हे आम्हाला नंतर कळलं. "वरचा खर्च" म्हणजे काय, हे त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. ३०,००० चेकने दिले. १८,५०० रोख घेतले, पावती "करून ठेवतो" म्हणाला. रोख देऊ नका. द्यायचीच वेळ आली तर तिथल्या तिथं व्हॉट्सॲपवर लिहा, "आज इतके रोख दिले, अमुक कामासाठी", आणि त्याचं उत्तर आल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.

मग सुरू झाली तारखांची मालिका. ऑडिट झालंय, रिटर्न भरलेत, जीएसटीचं पाठवलंय. जून २०२३ मध्ये त्याने विश्रामबागेतल्या ऑफिसात बोलावलं आणि माझ्यासमोर चार पानं ठेवली. वर एसटीके-२ लिहिलेलं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम २४८ खाली आपणहून कंपनी बंद करण्याचा अर्ज असतो तो हाच. फॉर्म खराच होता, आमचं नाव, कंपनीचा सीआयएन म्हणजे नोंदणी नंबर, सगळं बरोबर. पण कुठल्याच पानावर एसआरएन नव्हता. अर्ज सरकारदरबारी दाखल झाला की हा नंबर पडतो, तो नसेल तर तो कागद म्हणजे नुसती प्रिंट. मी विचारलं, "नंबर कुठाय यावर?" तो म्हणाला, "नंबर मागनं येतो वहिनी, फाइल आता पुण्याला टेबलावर गेलीय."

हा क्षण माझ्या डोक्यातून जात नाही. मी विचारलं होतं. बरोबर जागेवर बोट ठेवलं होतं. आणि त्याने डोळ्याला डोळा भिडवून खोटं सांगितलं. आज मला माहीत आहे की १ मे २०२३ पासून असे अर्ज पुण्याला जातच नाहीत, ते हरियाणातल्या मानेसरच्या सी-पेस या एकाच केंद्रात जातात. म्हणजे पुण्याच्या टेबलाची गोष्टसुद्धा हवेतली. त्याहून मोठी गोष्ट ही की या अर्जाला प्रत्येक डायरेक्टरचं हमीपत्र आणि प्रतिज्ञापत्र लागतं, स्टॅम्प पेपरवर, नोटरी केलेलं. एसटीके-३ आणि एसटीके-४. आम्ही दोघी नोटरीकडे गेलोच नव्हतो! एका लेटरहेडवर सही करून घेतली होती, बस. तुम्हाला नोटरीपुढे बसवलं नसेल तर तुमचा अर्ज गेलेला नाही, समोरचा काहीही सांगो.

त्याच दिवशी मी आमची डिजिटल सहीची टोकन मागितली. त्याने ड्रॉवर उघडला. आत पेनड्राइव्हसारख्या टोकनचा ढीग, प्रत्येकावर पांढरी चिकटपट्टी, त्यावर बॉलपेनने नाव, आणि दोन-दोन, तीन-तीनना रबरबँड. आमच्या दोघींची टोकन एकाच रबरबँडमध्ये होती. त्याने ती वर काढली, परत आत टाकली. "राहू देत इथंच, लागली तर." कंपनी बंद झाली असेल तर सही कशाला लागेल? तिथंच कळायला हवं होतं. पण पाच वर्षं ज्याच्याकडे सगळे कागद, जो पुराच्या वेळी फोन करून "वहिनी, गोडाऊनचं काय झालं" म्हणून विचारायचा, त्याच्यावर त्या क्षणी संशय कुणी घेतला असता? आणि आम्ही त्याला पैसे मोजले होते ते ही फॉर्मची भाषा आम्हाला येत नाही म्हणूनच. डॉक्टरने दिलेलं इंजेक्शन आपण तपासून घेत नाही.

टोकन आणि त्याचा पासवर्ड दुसऱ्याकडे ठेवणं म्हणजे सही करून कोरे चेक देणं. आजच्या आज परत मागा. देत नसेल तर ज्या कंपनीने टोकन दिलं तिच्याकडून सही रद्द करून घ्या आणि नवीन काढा. जीएसटीला, इन्कम टॅक्सला, कंपनीच्या पोर्टलला कुणाचा मोबाइल आणि ईमेल आहे तेही बघा. आमच्या सगळ्या ठिकाणी त्याचा होता. नोटिसा येत होत्या, त्या त्यालाच येत होत्या.

सप्टेंबर २०२४ मध्ये जाऊबाईंनी पापडाच्या मशीनसाठी मुद्रा कर्जाचा अर्ज केला. बँकेतल्या साहेबांनी पॅन टाकला आणि विचारलं, "तुमची एक कंपनी चालू आहे, तिचे रिटर्न भरलेले नाहीत, हे फॉर्मवर का लिहिलं नाही?" जाऊबाई घरी आल्या त्या रडतच. माझ्या मुलीने रात्री कॉर्पोरेट मंत्रालयाच्या पोर्टलवर कंपनीचं नाव टाकलं. फुकट दिसतं हे. कंपनीची स्थिती: ॲक्टिव्ह. शेवटचा ताळेबंद: ३१ मार्च २०२१ चा. म्हणजे २०२१-२२ चा ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्र, ज्याचे १८,००० घेतले होते, ते गेलेलंच नव्हतं. ही दोन मिनिटांची गोष्ट प्रत्येकाने करावी. जीएसटीचंही तसंच आहे, नंबर टाकला की कुठल्या महिन्याचं रिटर्न भरलंय ते कुणालाही दिसतं.

मग मिरजेच्या एका सीए मॅडमकडे गेलो. त्यांनी हिशेब मांडला आणि आमच्या पायाखालची जमीन सरकली. ताळेबंदाचा एओसी-४ आणि वार्षिक विवरणपत्राचा एमजीटी-७ए, या दोन्हींना उशिराचे रोज प्रत्येकी १०० रुपये लागतात, आणि त्याला वरची मर्यादाच नाही. धंदा शून्य असला, कंपनीत माणूस नसला तरी मीटर चालू. २१ ऑक्टोबर २०२४ ला आम्ही भरले तेव्हा एकाचे ७२,२०० आणि दुसऱ्याचे ६९,२०० झाले होते. जीएसटी नंबर त्याने रद्द करून घेतलाच नव्हता. निल म्हणजे शून्य व्यवहाराचे रिटर्न भरले नाहीत म्हणून खात्याने आपणहून रद्द केला, आणि त्यानंतर तीन महिन्यांत जे जीएसटीआर-१० नावाचं शेवटचं रिटर्न भरायचं असतं ते राहिलं. त्याचे १०,०००. दोघींची डायरेक्टर केवायसी थकलेली, प्रत्येकी ५,००० प्रमाणे १०,०००. कंपनीचा व्यवसाय कर वर्षाला २,५००, नोंदणी रद्द केली नाही म्हणून तीन वर्षांचे ७,५००. व्यवसाय कराचं तर कुणी नावच घेत नाही, कंपनी बंद करताना ते आवर्जून विचारा.

मॅडमनी आणखी एक सांगितलं. सलग तीन आर्थिक वर्षांचं राहिलं की डायरेक्टर पाच वर्षांसाठी अपात्र होतात, कलम १६४. आम्ही त्या उंबरठ्यावर होतो. जाऊबाईंनी कर्जाचा अर्ज केला नसता तर आणखी दोन-तीन महिन्यांत आम्ही दोघी अपात्र ठरलो असतो, आणि आम्हाला पत्ताही लागला नसता.

त्याला जाब विचारायला गेलो तर म्हणाला, "पोर्टल बदललं ना मधे, त्यात अडकलं. एवढं काय झालंय, भरून टाकू." कुणाच्या पैशांनी भरून टाकू? १०,००० सरकारी फी कुठं गेली विचारलं तर "खर्च झाले". फी भरलेली नाही, अर्ज गेलेला नाही, तर खर्च कशावर झाले? नंतर फोन उचलणं बंद, मग ब्लॉक.

पोलिसांकडे गेलो. अर्ज वाचण्याआधीच ऐकवलं, "हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." मी म्हटलं, काम न करता केलं म्हणून खोटा कागद दाखवून पैसे ठेवून घेतले, ही फसवणूक नाही का? तर उलट मलाच विचारलं, "तुम्ही शिकलेल्या दिसता, मग वाचून का नाही घेतलं?" अर्ज मिळाल्याचा शिक्का मागितला तर साहेब नाहीत. परत गेलो तर साहेब बंदोबस्ताला. मग १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, ते म्हणाले ऑनलाइन फसवणूक असेल तरच. कंपन्यांच्या सरकारी कार्यालयाला लिहिलं, त्यांचं उत्तर एका ओळीचं: रिटर्न भरण्याची जबाबदारी संचालकांची. हेल्पडेस्कवर तक्रार टाकली, ती "निकाली काढली" असा मेसेज आला. काय निकाली काढलं? कुणी फोन केला नाही, कागद मागितला नाही. सीएंच्या संस्थेकडे तक्रार करायची तर हा माणूस सीए नाहीच. बाहेर पाटीवर "टॅक्स कन्सल्टंट", आत भिंतीवर दुसऱ्याच कुणा सीएंचं नाव, आणि आम्ही पाच वर्षं त्याला "सीएसाहेब" म्हणत होतो, त्यानेही कधी नाही म्हटलं नाही. सीए नसलेल्यावर त्या संस्थेचा अधिकार चालत नाही. म्हणजे सीएने कामात हयगय केली तर निदान एक दार तरी आहे. परवानाच नसलेल्याने केली तर विचारणारं कुणीच नाही. आमचा दंड मात्र एक दिवस उशीर न करता मोजायला यंत्रणा तयार. रोजचे १०० रुपये चुकत नाहीत, पण दोन बायकांना फसवलं तर साधा अर्ज घ्यायला साहेब जागेवर नसतात!

जो सही करतो तो सीए आहे का ते आधी बघा. ऑडिट रिपोर्टवर यूडीआयएन नावाचा अंक आणि अक्षरं मिळून अठरा खुणांचा नंबर असतो, तो सीएंच्या संस्थेच्या साइटवर टाकून कुणालाही तपासता येतो. नंबर नसेल तर पैसे देऊ नका. आणि सरकारी फी कन्सल्टंटच्या खात्यावर टाकूच नका, स्वतः बसून स्वतःच्या कार्डाने भरा, चलन स्वतःच्या ईमेलवर घ्या.

पोलिस ठाण्यात अर्ज घेत नसतील तर वाद घालत बसू नका. तीच तक्रार स्पीड पोस्टाने पोलिस अधीक्षकांना पाठवा, कायद्यात तशी तरतूद आहे. तिथूनही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. आम्ही अधीक्षकांना पाठवलंय, पोचपावती आलीय, पुढचं अजून काही नाही. ग्राहक आयोगातही जाणार आहोत. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथं फी नाही आणि ई-जागृती पोर्टलवर (आधीचं ई-दाखिल) घरबसल्या भरता येते, पण दोन वर्षांची मुदत असते. कंपनीचं काम म्हणजे व्यापारी कारण, ते ग्राहकात बसत नाही, असं समोरून म्हटलं जाईल याची तयारी वकिलांनी करून ठेवायला सांगितलीय. आमचं पोट त्या मसाल्यावर होतं, दोघी स्वतः कांडपावर उभ्या राहायचो, हेच आमचं उत्तर.

मॅडमनी खरा अर्ज तयार केला आणि आम्ही दोघी नोटरीपुढे बसून सह्या करून आलो. त्याचे १०,००० परत भरावे लागणार, मॅडमची फी वेगळी, ते वरच्या आकड्यात धरलेलं नाही. त्याला वकिलांची नोटीस गेली ती "घेण्यास नकार" असा पोस्टाचा शेरा होऊन परत आली. ते पाकीट फोडायचं नाही, शेऱ्यासकट तसंच आयोगापुढे ठेवायचं, असं वकिलांनी सांगितलंय, कारण नकार दिला तरी नोटीस बजावली गेली असंच धरतात.