लॉगलाइनची कार्यशाळा : साडेतीन तारे, तेही दुपारचे

मागच्या रविवारी पुण्यात लॉगलाइन लेखनाची एक दिवसाची कार्यशाळा केली. फी 1,800 रुपये, चहा-जेवण धरून.

सकाळ स्लाइड्समध्ये गेली. लॉगलाइन म्हणजे सिनेमाची गोष्ट एका, फार तर दोन वाक्यांत, पंचवीस-तीस शब्द, पात्राचं नाव नको, त्याची ओळख पटेल असं विशेषण हवं, शेवट फोडायचा नाही, पोस्टरवरची टॅगलाइन ती वेगळी. सगळं बरोबर, पण हे यूट्यूबवर फुकट मिळतं. उदाहरणं हॉलिवूडची आणि साचाही तिकडचाच : 'जेव्हा अमुक घडतं, तेव्हा तमुकला ढमुक करावं लागतं.' मराठीत हे वाचलं की मला शाळेतली प्रयोगवही आठवते.

जेवणानंतर मात्र शिकवणाऱ्या सरांनी एकेकाचा कागद हातात घेतला. माझे वडील एसटीत कंडक्टर होते, माझी गोष्टही कंडक्टरचीच. लॉगलाइन 94 शब्दांची! त्यात त्याची बायको, तिचा दमा, डेपोतलं राजकारण, सगळं कोंबलेलं. सरांनी वाचून एवढंच विचारलं, "ताई, त्याला हवंय काय? आणि नाही मिळालं तर त्याचं जातं काय?" पहिल्याचं उत्तर दिलं. दुसऱ्याला मी गप्प.

मग त्यांनी फळ्यावर संदीप सावंत यांचा 2004चा 'श्वास' मांडला : 'नातवाचा जीव वाचवायचा तर त्याची दृष्टी जाणार, हे कळलेले कोकणातले आजोबा ऑपरेशनआधी त्याला डोळे भरून जग दाखवायला निघतात.' अठरा शब्द, एकही 'जेव्हा' नाही. "मराठीत क्रियापद शेवटी येतं ना, मग माणूस काय करतो ते तिथेच ठेवा," म्हणाले. माझे पैसे इथे वसूल झाले.

तासाभराच्या खाडाखोडीनंतर माझं हे झालं : 'आज निवृत्त होणाऱ्या, उभ्या नोकरीत एका पैशाचीही चूक न केलेल्या कंडक्टरच्या बॅगेत शेवटच्या फेरीला 40 रुपये जास्त निघतात, डेपो यायच्या आत ते कुणाचे हे शोधलं नाही, तर अफरातफरीचा शिक्का घेऊन घरी जावं लागणार.' अजून दोन-तीन शब्द जड आहेत. बायकोचा दमा गेला, त्याचं वाईट वाटलं.

आता तक्रार. 25 जणांची बॅच सांगून 38 जण घेतले. माझा नंबर एकोणिसावा, म्हणून वाचले. शेवटच्या अकरा जणांना "व्हॉट्सॲपवर पाठवा, बघतो" असं सांगून वाटेला लावलं. त्यातला एक मुलगा पहाटेच्या गाडीने साताऱ्याहून आला होता. त्याला अजून उत्तर नाही. सर्टिफिकेट मात्र सगळ्यांना त्याच रात्री आलं, माझ्या आडनावात चूक करून.

पुढच्या बॅचला जाणार असाल तर आधी फोन करून विचारा, माणसं किती आणि प्रत्येकाचा कागद वाचणार का. सकाळी उशिरा पोचलात तरी चालेल, जेवण चुकवू नका. मसालेभात चांगला होता.