जुनी जिप्सी घ्यावी की जुनी थार? गोव्यातून जैसलमेरच्या वाळूत जाणाऱ्यांसाठी

पाऊस ओसरला की दरवर्षी मला कोणी ना कोणी विचारतंच, जुनी फोर बाय फोर (चारी चाकांना ताकद मिळणारी गाडी) घ्यायचीय, नीट करून थंडीत राजस्थानला न्यायचीय, तर जिप्सी बघू की जुनी थार? माझ्याकडे नऊ वर्षं जिप्सी आहे, २००७ ची एमपीएफआय (इंजेक्शनवालं पेट्रोल इंजिन), आणि डिचोलीला माझ्या आतेभावाकडे २०१३ ची थार सीआरडीई (कॉमन रेल डिझेल). दोन्ही गाड्या आम्ही जोडीने तीनदा जैसलमेरला नेल्यात, दोन्हींच्या खाली मी स्वतः झोपून काम केलंय, त्यामुळे एकदा सगळं सविस्तर लिहूनच ठेवतो.

आधी बाकीच्या गाड्यांचं उरकतो. पजेरो एसएफएक्स, ती २.८ लिटर डिझेलवाली, वाळूत सुंदर चालते यात वाद नाही आणि स्वस्तात मिळते म्हणून मोह होतो, पण पार्ट मिळायला आठवडे जातात आणि मिळाला की किंमत ऐकून बसायला होतं. सफारी फोर बाय फोर हायवेला राणी आहे, पण तिच्या डायकॉर डिझेल मॉडेलमध्ये फोर व्हील बटणावर लागतं आणि ते लावणारी खालची शिफ्ट मोटर आपल्या दमट हवेत, वर्षभर न वापरता पडून राहिली की, नेमकी हवी तेव्हा हलत नाही. लिव्हरने लागणारं फोर व्हील बरं. म्हणून जिप्सी किंवा थार.

आता मुख्य गोष्ट. गोव्यात ही निवड इंजिनावरून करू नका, पत्र्यावरून करा. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यात समुद्राची खारी हवा, आणि गाडी न्यायची तिथे जिथे वर्षाला २०० मिलिमीटरसुद्धा पडत नाही. म्हणजे गाडी वाळवंटात झिजणार नाहीये, ती इथे तुमच्या शेडमध्ये उभ्या उभ्या सडणार आहे. बार्देस-सालसेतच्या किनारपट्टीवर वाढलेली गाडी आणि फोंडा-वाळपईकडची गाडी यात दिसण्याइतका फरक असतो, आणि त्याहून चांगली म्हणजे बाहेरच्या कोरड्या भागातली.

जिप्सीत गंज कुठे बघायचा ते सांगतो. मागच्या पाट्याचं (पट्ट्यांच्या स्प्रिंगचं) शॅकल, म्हणजे पाटा टांगणारा दुवा, जिथे चॅसीला (खालच्या लोखंडी सांगाड्याला) लागतं तिथे, पायाखालच्या फ्लोअरला मॅट उचलून, आणि पेट्रोलच्या टाकीच्या वरच्या बाजूला जिथे चिखल साचून राहतो. हातोडी नको, मोठा स्क्रूड्रायव्हर घ्या आणि मुठीने ठोका. चांगल्या चॅसीचा आवाज टणक येतो. माझ्या गाडीला खालून काळं अंडरकोटिंग एकदम ताजं मारलेलं होतं, विकणाऱ्या गॅरेजवाल्याने कौतुकाने दाखवलंही, आणि मी खूश झालो. दोन महिन्यांनी शॅकलपाशी स्क्रूड्रायव्हर लावला तर काळा थर पापडासारखा निघाला, आतून तांबड्या खपल्या पडायला लागल्या आणि तिसऱ्या ठोक्याला स्क्रूड्रायव्हर अर्धा इंच आत गेला. त्याच टोकावर गाडीचं मागचं अर्धं वजन असतं हो. ताजं काळं कोटिंग दिसलं की ते खरवडून दाखवा म्हणायचं, नाही म्हणाला तर उठायचं, चहासुद्धा घ्यायचा नाही.

थारची चॅसी त्या मानाने जाड आणि दणकट, पण बॉडीचा पत्रा सडतो, दाराच्या खालच्या कडा, विंडशील्डची फ्रेम, आणि सॉफ्ट टॉप असेल तर पाणी आत येऊन सीटखालचा भाग. हे सगळं टिंकरिंगने होण्यासारखं आहे. चॅसीचं वेल्डिंग ही वेगळी भानगड, ते कुणाकडूनही करून घेऊ नका.

आता जायचं कसं, कारण याचा विचार लोक सगळ्यात शेवटी करतात. पणजीहून जैसलमेर साधारण सोळाशे किलोमीटर. थार हे अंतर तीन दिवसांत आरामात कापते, एसी आहे, पॉवर स्टीअरिंग आहे, २.५ लिटर टर्बो डिझेल १०५ बीएचपी आणि २४७ न्यूटन मीटर टॉर्क, नव्वदच्या स्पीडला इंजिन शांत. पुढे टॉर्शन बारचं इंडिपेंडंट सस्पेन्शन असल्यामुळे पुढच्या सीटवरचा माणूस माणसासारखा उतरतो. मागे मात्र पाटेच, आणि मागे आडव्या सीटवर आई-वडिलांना बसवून सुरतपर्यंत नेणार असाल तर तेवढा विचार करा.

जिप्सीत कंपनीकडून एसी नाही, पॉवर स्टीअरिंग नाही, चारी बाजूंना पाटे, १.३ लिटर पेट्रोल, ८० बीएचपी आणि टॉर्क फक्त १०३, तोसुद्धा ४५०० आरपीएमला. ऐंशीच्या वर आवाजाने डोकं दुखतं. टाकी ४० लिटरची आणि मला हायवेला दहाचं ॲव्हरेज पडतं, म्हणजे साडेतीनशे किलोमीटरला पंप शोधावाच लागतो. आम्ही पहिल्या वेळी चार दिवस घेतले, आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी मला ग्लास धरला तरी हात थरथरत होता. हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. फक्त जायचं-यायचं एवढंच बघायचं असेल तर थार घ्या.

पण वाळूत गेल्यावर चित्र पालटतं.

वाळूत वजन सगळं ठरवतं. जिप्सी साधारण एक टन, थार पावणेदोन टनाच्या आसपास. दुसऱ्या ट्रिपला जैसलमेरजवळच्या खुरी गावाच्या अलीकडे सकाळी साडेआठला आम्ही एका टेकडीवर चढत होतो, थार पुढे, मी मागे. थारने चढ घेतला, वर पोचता पोचता भावाने क्षणभर ॲक्सिलरेटर सोडला, परत दिला, टर्बो एकदम भरला आणि चारी चाकं जागच्या जागी फिरली. तीन सेकंद फार तर. तेवढ्यात गाडीचं पोट वाळूवर टेकलं. मी वाकून बघितलं तर ट्रान्स्फर केसच्या (चारी चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) खालची प्लेट वाळूवर बसलेली आणि चाकं आपापल्या खड्ड्यात लोंबकळल्यासारखी. चाळीस मिनिटं फावडं मारलं. फावड्याने काढाल तेवढी वाळू वरून परत घसरते, मग शेवटी दोघांनी पोटावर झोपून कोपराने ओढून काढली, टायरची हवा १८ पीएसआयवरून १४ केली, पुढे प्लास्टिकच्या फळ्या सरकवल्या आणि मग ती हळूच रिव्हर्समध्ये आली. त्याच चढावर त्याच चाकोरीच्या बाजूने जिप्सी लो गिअरमध्ये (फोर व्हीलच्या संथ पण ताकदीच्या गिअरमध्ये) तिसऱ्यावर, आवाज करत करत वर गेली, साधे ऑल टेरेन (सगळ्या जमिनीवर चालणारे) टायर, दुसरं काही नाही. ती हलकी आहे म्हणून वाळूत बुडत नाही, बस. आणि अडकली तरी चार माणसं हाताने हलवतात.

थारची बाजूही सांगायला हवी. उंच मोठ्या टेकडीला जिप्सीचा दम संपतो, पळवत आणावी लागते, आणि पळवत आणणं हे नवख्या माणसाचं काम नाही कारण टेकडीच्या पलीकडे काय आहे ते दिसत नसतं. थार उभ्या जागेवरून सेकंड गिअरला उचलते. २०१५ च्या फेसलिफ्टनंतरच्या काही थारमध्ये मागे कंपनीचं लॉकिंग डिफरन्शियल, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं लॉक, आहे, ते मिळत असेल तर थोडे जास्त पैसे देऊन तीच घ्या, वाळूत फार उपयोगी पडतं. तरी माझं मत सांगतो, शिकायला जिप्सी बरी. ती चूक पोटात घालते, थार तीच चूक फावड्याने वसूल करते.

टायरचं दोन्हींना सारखंच. मड टेरेन (चिखलाचे खोल नक्षीचे टायर) दिसायला भारी दिसतात पण वाळू उकरतात, ऑल टेरेन घ्या. हवा १५ ते १८ पीएसआय, अगदीच अडकलात तर १२-१४, त्याखाली रिमवरून टायर निसटायची भीती. बारा व्होल्टचा चांगला कॉम्प्रेसर, फावडं, जॅकखाली ठेवायला जाड फळी, आणि दोन गाड्या. एकट्याने जाऊ नका, कृपा करून. वाळूत ब्रेक मारायचा नाही, गाडी आपोआप थांबू द्यायची, तीसुद्धा उताराकडे तोंड करून. आणि टेकडीला तिरकं कधी जायचं नाही, सरळ वर किंवा सरळ खाली.

सराव कुठे करायचा हा प्रश्न येतो, आणि उत्तर मोरजी किंवा केळशीचा समुद्रकिनारा हे नाही. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे, दंड होतो, आणि व्हायलाच पाहिजे. वर खारं पाणी चॅसीत शिरलं की त्याचे दहा वर्षांचे हाल. कुणाच्या तरी भाटात (माडांच्या बागेत), मालकाला विचारून, लो-हाय गिअर बदलायची सवय करा, टायरची हवा काढून परत भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. तेवढं पुरतं.

आता दुरुस्ती. जिप्सी घेतलीत तर पहिलं काम पुढच्या ॲक्सलचं, किंगपिन बेअरिंग आणि नकलचं (पुढचं चाक जिथे वळतं त्या सांध्याचं) ऑइल सील. साठच्या स्पीडला खड्ड्यावरून गेल्यावर हँडल थडथडायला लागलं तर बहुतेक तेच. सील फाटलं की ग्रीस बाहेर आणि पाणी आत. मग पाट्यांचे बुश, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, ट्रान्स्फर केसचे माउंट, आणि लो गिअर लोडवर सुटतो का ते चढावर नेऊन बघणं. रेडिएटर खोलून साफ करा, वरवर पाणी मारून नाही, खोलून, कारण वाळूत गाडी पंधराच्या स्पीडला ४००० आरपीएमवर चालते आणि वारा लागत नाही. सगळे होज पाइप नवे, फॅन बेल्ट नवा आणि एक जादा सोबत. माझी गाडी ३ लाख ४० हजाराला आली आणि तिच्यावर पहिल्या वर्षात १ लाख ८५ हजार गेले, त्यातले साठ हजार चॅसीचे. घेताना नुसती गाडीची किंमत बघू नका, त्यात निम्मी रक्कम वर धरूनच खिशात हात घाला.

थारला क्लच, पुढच्या ॲक्सलचे सीव्ही बूट (सांध्यांवरची रबरी आवरणं), टर्बोचे पाइप आणि इंजेक्टर बघायचे. कॉमन रेल डिझेलला खराब डिझेल आणि बिघडलेले सेन्सर या दोन गोष्टी सोसत नाहीत, आणि वाळूत मधोमध चेक इंजिनचा दिवा लागला तर पान्याने काही होत नाही. जिप्सीसुद्धा एमपीएफआय आहे, इलेक्ट्रॉनिक्स तिच्यातही आहे, पण ते साधं आणि थोडं. एअर फिल्टर दोन्हींना रोज संध्याकाळी काढून झटकायचा, दर वेळी मूठभर धूळ निघते.

कारागीर कुठे, तर महिंद्रासाठी कुळ्याला जा. दूधसागरच्या जीपा सगळ्या तिथल्याच, मोसमभर नदीतून दगडातून पाणी कापत फिरतात, त्यामुळे तिथल्या मेस्त्रींना महिंद्राचा ॲक्सल डोळे मिटून खोलता येतो. पाऊस संपून मोसम सुरू झाला की मात्र त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. जिप्सीचा जाणता मेस्त्री गोव्यात आहे पण शोधावा लागतो, मला फोंड्यात एक भेटलाय, वयस्क माणूस, दिवसाला एकच गाडी घेतो. पार्ट दोन्हींचे मिळतात. जिप्सी बंद होऊन काही वर्षं झाली, तरी सैन्यात तिचा इतका भरणा झालेला की बाजारात माल अजून आहे.

सैन्याच्या लिलावातली जिप्सी स्वस्त दिसते, पण कागद आधी बघा, नवीन रजिस्ट्रेशन होईपर्यंत पैसे पूर्ण देऊ नका. दिल्लीकडची जुनी डिझेल थारसुद्धा स्वस्त पडते, तिथे दहा वर्षांच्या डिझेलवर निर्बंध आल्यामुळे बरेच लोक विकून मोकळे झाले, आणि हवा कोरडी असल्यामुळे पत्रा छान असतो. माझ्या मते थार घ्यायची तर अशीच घ्यावी, एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरूनही परवडते. १५ वर्षं झालेल्या गाडीला फिटनेस आणि रजिस्ट्रेशन नूतनीकरण लागतं, एप्रिल २०२२ पासून कारची ती फी ६०० वरून थेट ५००० झाली, उशीर केला तर दंड वेगळा. आणि मॉडिफिकेशनच्या भानगडीत पडू नका. कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालणार नाही असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलंय, लोखंडी बुल बारवर तर आधीपासूनच बंदी आहे. वाळूला लिफ्ट किटची गरजच नसते, हवा काढली की झालं.

तिकडे गेल्यावर डेझर्ट नॅशनल पार्कच्या हद्दीत गाडी घालू नका. माळढोक आता फार थोडे उरलेत, आणि ते जमिनीवर अंडी घालतात. सीमेकडच्या गावांना जायला परवानगी लागते, ती जैसलमेरला आधी काढा. स्थानिक माणूस सोबत घ्या, त्याला कुठली वाळू मऊ ते रंगावरून कळतं.

तर कुणी काय घ्यावं? दोघंच जाणार, वाळू हेच कारण, अंगमेहनतीची तयारी आहे, तर जिप्सी, आणि शक्य असेल तर अहमदाबादपर्यंत ट्रकवर पाठवून स्वतः ट्रेनने जा. बायको-मुलं सोबत, वर्षभर घरचीही गाडी तीच, तर थार, २०१५ नंतरची लॉकवाली. बजेट पाच लाखांच्या आत आणि थारच हवी म्हणून किनाऱ्याकडची गंजकी थार उचलणार असाल तर थांबा, त्या पैशात फोंड्याकडची चांगल्या चॅसीची जिप्सी येईल.

आणि गाडी बघायला जुलैत जा. भर पावसात टॉप कुठे गळतो, फ्लोअरला पाणी कुठे साचतं, थंड इंजिन किती सेल्फला सुरू होतं, सगळं समोर दिसतं, विकणारासुद्धा घासाघीस मान्य करतो, आणि दिवाळीपर्यंत मेस्त्रीला चार महिने हातात मिळतात.