मुलीच्या पलंगासाठी मरीन प्लायचे पैसे मोजले, निघाला भुसा

धायरीतल्या आमच्या फ्लॅटची लहान खोली ८ फूट बाय साडेनऊ फूट आहे. दार आत उघडतं, समोर खिडकी, एका भिंतीला कपाट. लेक साडेचार वर्षांची झाली तेव्हा ही खोली तिला द्यायची ठरली. पलंग कुठे बसेल हे बघायला मी जमिनीवर जुनी वर्तमानपत्रं जोडून ६ फूट बाय ३ फुटांच्या गादीचा आकार मांडला होता. पलंग लांब भिंतीला लावला, खालचे खण पूर्ण बाहेर ओढले, तरी कपाटाचं दार उघडायला जागा उरत होती. इतका विचार आम्ही मापांचा केला. लाकडाचा मात्र विक्रेत्यावर सोडला, आणि तिथेच नाडलो गेलो.

तो भेटला मैदानावर भरलेल्या फर्निचरच्या सेलमध्ये. आधी त्याने दुमजली पलंग दाखवला. मी म्हटलं, छत साडेनऊ फुटांचं, मधोमध पंखा, वरून पोरीने हात वर केला तर? शिवाय सहा वर्षांखालच्या मुलाला वरच्या मजल्यावर झोपवूच नये. तो लगेच म्हणाला, "ताई, अगदी बरोबर. तुमच्यासाठी बुटका करू, खाली तीन खण, बाजूला कठडा." स्वतः महागडा पलंग विकत होता, तो आमचं ऐकून स्वस्तातला सुचवतोय, याचं मला फार अप्रूप वाटलं. दुसऱ्या दिवशी घरी येऊन त्याने टेपने खोली मोजली, सॉकेटची उंची वहीत लिहून घेतली, मोबाइलवर चित्र काढून दाखवलं. प्लायचा एक तुकडा बरोबर आणला होता, त्यावर आयएस ७१० चा, म्हणजे ओल सोसणाऱ्या मरीन प्लायच्या मानकाचा शिक्का. "लहान लेकरू झोपणार, त्यात मी गडबड करीन का?" हे वाक्य त्याने माझ्या सासूबाईंकडे बघून म्हटलं.

४२,००० रुपये ठरले. २५,००० आगाऊ, तेही कारखान्याच्या नव्हे, त्याच्या स्वतःच्या नावावरच्या यूपीआयवर. पंधरा दिवसांनी त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर कच्च्या कामाचे दोन फोटो पाठवले आणि सनमायक्यासाठी १०,००० मागितले. मी दिले. ते फोटो नंतर मोठे करून पाहिले, तर त्यातल्या पलंगाच्या डोक्याकडच्या फळीचे कोपरे गोल होते. आमच्या पलंगाचे चौकोनी आहेत. म्हणजे तो पलंग आमचा नव्हताच. ज्या दिवशी फोटो आला त्याच दिवशी मी हे बघायला हवं होतं, आणि खरं तर फोटोवर न थांबता कारखान्यात जायला हवं होतं.

पलंग आला तो दुपारी, आम्ही दोघं कामावर असताना. तासाभरात जोडून पोरं गेली. उरलेले ७,००० सासूबाईंकडून रोख घेतले आणि साध्या कागदावर लिहून दिलं, "किड्स बेड १ नग". ना जीएसटी, ना पत्ता, ना लाकडाचा उल्लेख.

पहिल्या रात्रीपासून खोलीत उग्र वास होता, डोळे चुरचुरायचे. फोन केला तर, "नव्या फर्निचरला वास असतोच, चार दिवसांत जाईल." हा वास चिकटवण्यासाठी वापरलेल्या रेझिनमधल्या फॉर्मल्डिहाइड या डोळ्यांना झोंबणाऱ्या वायूचा असू शकतो. त्याचं उत्सर्जन कमी असलेला माल ई-१ किंवा ई-० दर्जाचा म्हणून मिळतो, हे मला पुढे कळलं. मुलांच्या बंद खोलीसाठी हे आधी विचारायला हवं.

मग पावसाळा आला. फरशी पुसताना लागणाऱ्या ओलीने खणांच्या खालच्या कडा फुगल्या. काठाची पट्टी सुटली आणि आत दिसला दाबून बसवलेला भुसा. पार्टिकल बोर्ड. प्लायची कड पाहिली तर एकावर एक थर दिसतात, इथे थर म्हणून नव्हताच. हा बोर्ड पाण्याने फुगला की वाळूनही मूळ जाडीला येत नाही, आणि एकदा सैल झालेला स्क्रू त्यात पुन्हा पकड घेत नाही.

ते आमच्या पोरीने भोगलं. गादीवर उभी राहून ती खिडकीतून बाबाला हात करत होती. गादीखालची पातळ फळी आधाराच्या पट्टीसकट निसटली, पाय गुडघ्यापर्यंत आत गेला आणि बाहेर आलेल्या स्क्रूने पोटरी सोलवटली. लशी वेळेवर झालेल्या होत्या, डॉक्टरांनी जखम धुऊन पट्टी केली. त्या संध्याकाळी तिने विचारलं, "आई, माझा बेड मोडला म्हणून तू रागावणार का?" तिची काहीच चूक नव्हती, हे मी तिला कितीदा सांगितलं असेल.

त्याचा फोन लागेना. सेलचा मंडप कधीच उठला होता. शेवटी आमच्या सोसायटीच्या गेटवरचं रजिस्टर उपयोगी पडलं. वॉचमनने टेम्पोचा नंबर आणि ड्रायव्हरचा मोबाइल लिहून ठेवला होता. त्यावरून गोडाऊन सापडलं. आत आमच्यासारखेच पलंग थप्पी लावून उभे होते, सगळे एकाच मापाचे. आमच्या खोलीचं माप घेणं, वहीत लिहिणं, सगळं दाखवण्यापुरतं. तो भेटला आणि शांतपणे म्हणाला, "ताई, बिलावर प्लाय लिहिलंय का?"

नव्हतं लिहिलेलं. पण एका मेसेजमध्ये त्यानेच लिहिलं होतं, "१८ एमएम मरीन आहे, टेन्शन नको". बाकी सगळ्या थापा त्याने तोंडी मारल्या होत्या, ही एकच लेखी सापडली. म्हणून सांगते, तोंडी ठरलेलं प्रत्येक वाक्य त्याच दिवशी मेसेज करून त्याच्याकडून 'हो' लिहून घ्या. आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, त्याने उत्तर दिलं नाही. मग जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. यूपीआयच्या नोंदी, तो मेसेज, फोटो, डॉक्टरांचा कागद, सगळं जोडलंय. रोख दिलेल्या ७,००० चा पुरावा म्हणून फक्त तो "१ नग"चा कागद आहे.

नवा पलंग आमच्याच गल्लीतल्या सुतारकाकांना सांगितलाय. त्यांनी जुन्याची फळी हातात घेऊन सांगितलं की हा माल मरीन प्लायच्या निम्म्याहूनही कमी भावात येतो. या वेळी प्लाय दुकानातून आम्ही स्वतः घेतला, पक्क्या बिलावर, आणि शीटवरच्या आयएसआय चिन्हाजवळचा सीएम/एल क्रमांक, म्हणजे उत्पादकाचा परवाना क्रमांक, भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासला. सनमायका लागण्याआधी कापलेल्या प्रत्येक फळीची कड मी जाऊन पाहिली. काकांना मजुरीही तीन टप्प्यांत ठरवलीये, शेवटचा टप्पा पलंगावर मी स्वतः उभी राहून बघितल्यावर.

तोपर्यंत लेक जमिनीवर गादी टाकून झोपते. फुगलेले तिन्ही खण आणि ती निसटलेली फळी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बाल्कनीत ठेवलीये. आयोगाने पाहायला मागितली तर हाताशी हवीत.