लेकीसाठी घेतलेली .२४३ रायफल : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मार्चमध्ये घेतलेली हरणाच्या शिकारीची रायफल (.२४३ हा तिच्या काडतुसाचा नंबर) नोव्हेंबरचा सीझन संपल्यावर पुसून, तेल लावून तिजोरीत ठेवली. सगळं ताजं आहे तोवर लिहून काढतो, कारण मी शोधत होतो तेव्हा मराठीत यावर काहीच सापडलं नव्हतं.

आम्ही अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये राहतो. लेक १२ वर्षांची, उंची चार फूट नऊ इंच, अंगाने बारीक. इथे नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी हरणांचा नऊ दिवसांचा सीझन सुरू होतो आणि तिच्या वर्गातली कितीतरी मुलं आईवडिलांबरोबर रानात जातात. तिनेही जायचं म्हटलं. माझं बालपण कणकवलीकडचं. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, पण आम्हा पोरांना तिच्या जवळ फिरकू देत नसत. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर तिकडे शिकारीला बंदी, त्यामुळे मलाही सगळं इथेच शिकावं लागलं. हंटर एज्युकेशनचा, म्हणजे सुरक्षित शिकारीच्या प्रशिक्षणाचा, कोर्स आम्ही बापलेकीने एकत्रच केला.

सुरुवात चुकीची झाली आणि ती चूक माझी. शेजारच्या शेतकरी आजोबांनी प्रेमाने त्यांची .३०-०६ रायफल एकदा चालवून बघायला दिली. मोठ्या माणसाच्या मापाचा दस्ता (खांद्याला टेकवायचा मागचा भाग). स्कोपमधून, म्हणजे वर बसवलेल्या दुर्बिणीतून, दिसावं म्हणून ती मान पुढे ताणून बसली, दस्ता खांद्याऐवजी दंडाच्या बाजूला टेकलेला. बार झाला आणि स्कोपची कड भुवईवर आदळली. जखम लहान होती, आठवड्यात भरली. भीती मात्र भरायला कित्येक महिने लागले.

ती भीती कशी दिसते ते सांगतो. रेंजवर (नेमबाजीच्या मैदानावर) एका जाणत्या बाईंनी .२२ या अगदी कमी धक्क्याच्या छोट्या रायफलीच्या मॅगझिनमध्ये (गोळ्या भरायच्या डबीत) तिला न सांगता एक नकली काडतूस घालायला सांगितलं. खऱ्या गोळ्या ती चालवत गेली. नकलीवर चाप ओढला, नुसता ‘टक्’ आवाज झाला, आणि तरीही नळीचं टोक दोन इंच खाली गेलं, डोळे गच्च मिटले, खांदा पुढे आला. धक्का बसलाच नव्हता, शरीर मात्र तो आधीच खाऊन मोकळं झालं होतं. तिलाही ते कळलं. ‘बाबा, मी डोळे मिटते का?’ असं तिने विचारलं, तेव्हा मला फार वाईट वाटलं.

म्हणून माझं ठाम मत सांगतो. मुलांसाठी रायफल निवडताना काडतुसाचा नंबर हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न दस्त्याच्या मापाचा. चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचं अंतर मोठ्यांच्या रायफलीत साधारण साडेतेरा-पावणेचौदा इंच असतं. कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचं टोक कोपराच्या खोबणीत टेकवलं, तर तर्जनीचं पहिलं पेर आरामात चापावर यायला हवं. लेकीचं माप साडेबारा भरलं. तो सव्वा इंच म्हणजे गालाची जागा, डोळ्याची जागा आणि खांद्यावरची जागा, तिन्ही चुकणार. आम्ही घेतलेल्या कॉम्पॅक्ट मॉडेलमध्ये दस्त्यात घालायचे-काढायचे स्पेसर (लांबी कमी-जास्त करणाऱ्या चकत्या) आहेत, बारापासून तेरा इंचांपर्यंत. दुकानात जाल तेव्हा मुलाला सोबत न्याच आणि कोणता डोळा प्रबळ आहे, म्हणजे नेम धरताना आपोआप कोणता डोळा पुढाकार घेतो, तेही आधी तपासा. उजव्या हाताच्या कित्येक मुलांचा डावा डोळा प्रबळ निघतो. आमच्याकडे सुदैवाने हात आणि डोळा दोन्ही उजवेच निघाले.

आता काडतूस. .३०-०६चा धक्का नेहमीच्या वजनाच्या रायफलीत साधारण २० फूट-पौंड (धक्क्याच्या जोराचं माप). .३०८चा त्याहून थोडा कमी. ७ एमएम-०८ आणि ६.५ क्रीडमूर १२च्या आसपास. .२४३ विंचेस्टर नऊच्या आसपास, म्हणजे .३०-०६च्या निम्म्याहून कमी. हे .२४३ काही नवं नाही, १९५५ पासून आहे. .३०८च्याच काडतुसाचं पितळी कवच, तोंड आवळून त्यात बारीक गोळी बसवलेली. .२२३चा धक्का याहूनही खूप कमी, आणि विस्कॉन्सिनमध्ये हरणासाठी ते कायद्यात बसतं. पण नवशिक्या हाताकडून नेम दोन-तीन इंच चुकला तर जनावर जखमी होऊन तडफडत फिरेल, हा विचार मला सोसवेना. १०० यार्डांच्या आत .२४३ पुरेसं आहे. फक्त गोळी हरणासाठीची घ्या, ८० ते १०० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप). ५५-५८ ग्रेनच्या हलक्या गोळ्या कोल्ह्याबिल्ह्यांसाठी असतात, त्या वरच्यावर फुटतात.

आम्ही शुद्ध तांब्याची ८० ग्रेनची वापरली. वीसच्या खोक्याला शिशाच्या गोळ्यांपेक्षा जास्त पैसे पडतात, पण मांस घरात शिजणार आहे आणि खाणारी लहान मुलं आहेत. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात अन्नछत्रांना दान आलेल्या हरणाच्या खिम्यात शिशाचे कण सापडले होते. ते वाचल्यावर माझ्यापुरता प्रश्न मिटला.

एक उलटं गणितही लक्षात घ्या. मुलांसाठी म्हणून रायफल जितकी हलकी कराल, तितका धक्का वाढतो. आमची स्कोपसकट सात पौंडांवर जाते. रानातल्या चालण्यात तिला ती जड वाटली, तेव्हा मी खांद्याला घेतली. चालवताना तोच जडपणा कामी आला. धक्का कमी करायला नळीच्या तोंडाला ब्रेक (वायू बाजूला सोडणारं भोकांचं टोपण) लावा असं दोघा-तिघांनी सुचवलं. धक्का त्याने खरंच घटतो, पण आवाज मागे चालवणाऱ्याच्या कानावर येतो. लेक आवाजालाच जास्त दचकत होती, म्हणून नाही लावला. कानात बोळे आणि वरून मफ, दोन्ही एकत्र, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवला आणि निम्मं दचकणं तिथेच थांबलं.

सरावाचं सांगायचं तर एप्रिल-मे फक्त .२२. जूनपासून रेंजवर आधी वीस .२२च्या गोळ्या, मग .२४३च्या पाच, जास्तीत जास्त सहा. ती ‘अजून एक’ म्हणाली की आम्ही थांबायचो. नकली काडतुसाचा खेळ मात्र दर वेळी. ऑगस्टच्या मध्यावर ‘टक्’ झालं आणि नळी जागची हलली नाही. सप्टेंबरात तिपाईच्या आधाराने, बसून, ७५ यार्डांवरच्या कागदी बशीत ओळीने नऊपैकी नऊ.

उणिवा सांगतो. मॅगझिन प्लॅस्टिकचं आहे आणि त्याची कडी लहान बोटांना कठीण जाते. गारठलेल्या बोटांना तर निघतच नाही. बोल्ट (काडतूस नळीत सारायचा दांडा) पहिले दोनेक महिने अडकत चालायचा, आता मोकळा झाला. रायफलीबरोबर मिळालेला स्कोप मी काढून टाकला. त्यात डोळा फार जवळ आणावा लागत होता आणि भुवईचा अनुभव ताजा होता. चार इंच अंतरावरूनही पूर्ण चित्र दिसेल असा वेगळा स्कोप घेतला. त्याचे पैसे रायफलीच्या जवळजवळ निम्मे झाले, पण सगळ्या खर्चात तोच मला सर्वांत योग्य वाटतो.

आणि एक गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. जूनमध्ये टी-शर्टवर साडेबारा इंच अगदी बेताचं होतं. ऑक्टोबरच्या यूथ हंटला (फक्त मुलांसाठीच्या शिकारीला) जाड जाकीट आणि त्यावर शिकारीतली नारिंगी बंडी चढवली, तर तोच दस्ता लांब पडायला लागला. ती पुन्हा मान ताणू लागली. त्या दिवशी एक नर सत्तर यार्डांवर आला, पण पाठ करून उभा राहिला, नीट नेम लागेल अशी बाजू मिळेना. तिने सेफ्टी (चाप अडवणारी कळ) काढलीच नाही. मला त्या न झाडलेल्या गोळीचा फार अभिमान वाटला. घरी येऊन एक स्पेसर काढला आणि पुढचा सगळा सराव जाकीट घालूनच केला.

नोव्हेंबरच्या सीझनमधल्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी साडेतीनच्या सुमारास, साठ यार्डांवर एक मादी आडवी उभी राहिली. मी शेजारीच होतो. इथे बारा-तेरा वर्षांच्या मुलांजवळ पालक किंवा त्यांनी नेमलेला मोठा माणूस नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात असावाच लागतो. तिने श्वास सोडला, अर्धा धरला, चाप दाबला. हरण तीसेक पावलं पळालं आणि आडवं झालं. नंतर मी विचारलं, खांदा दुखला का? म्हणाली, ‘धक्का लागला का तेच आठवत नाही.’ मग त्या हरणाजवळ बसून ती थोडी रडली. मी तिला रडू दिलं, नंतर दोघांनी मिळून काम उरकलं.

विस्कॉन्सिनच्या हरणांमध्ये २००२ पासून सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोग आढळतो, म्हणून डोकं तपासणीला दिलं. निकाल निर्दोष येईपर्यंत मांस फ्रीझरमध्येच होतं. मग कांदा-लसूण मसाल्यात रस्सा केला, शेजारच्या आजोबांनाही डबा दिला.

रायफल तिजोरीत, गोळ्या वेगळ्या कुलपात, आणि दोन्हींचे आकडे फक्त आम्हा नवराबायकोला ठाऊक. लेकीला तसं स्पष्ट सांगितलं आहे. परवा तिचं माप पुन्हा घेतलं, हात पाऊण इंचाने वाढलाय. काढलेला स्पेसर आणि त्याचे लांब स्क्रू एका पुडीत घालून तिजोरीतच ठेवलेत, मार्चमध्ये लागतील.