फ्रीपीबीएक्स: कापसाचा भाव फोनवर सांगण्यासाठी

पारोळ्याजवळ आमचं जिनिंग आहे. दसऱ्यानंतर कापूस यायला लागला की सकाळपासून फोन सुरू होतात आणि बहुतेकांना एकच विचारायचं असतं, आज भाव काय? हे उत्तर फोननेच द्यावं म्हणून आधी गेटवेमध्ये, म्हणजे टेलिफोनच्या लाइनी नेटवर्कला जोडणाऱ्या यंत्रात, आवाज भरून ठेवत होतो. गेला पूर्ण हंगाम ते काम फ्रीपीबीएक्सवर, म्हणजे कॉम्प्युटरवर टेलिफोन एक्स्चेंज चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चाललं, म्हणून हे लिहिते आहे.

जुन्या गेटवेचं नाव घेत नाही. त्याला फाइल ८ किलोहर्ट्झ, मोनो, ए-लॉ (टेलिफोनचा आवाज साठवायची एक पद्धत) अशीच लागायची. जरा वेगळी असली की काही न सांगता टाकून द्यायचा. नवी फाइल चढवली की तो बंद करून परत चालू करावा लागे आणि तेवढा वेळ सगळ्या लाइनी मुक्या. भाव दिवसातून दोनदा हलतो, त्या धंद्यात हे कसं चालणार? आता तो गेटवे बीएसएनएलच्या लाइनी आत घेण्यापुरता ठेवला आहे.

फ्रीपीबीएक्स फुकट आहे. त्याची १७ वी आवृत्ती डेबियन १२ या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालते, आम्ही ऑफिसातला जुना डेस्कटॉप तिला दिला. ‘सिस्टिम रेकॉर्डिंग्ज’ या पानावर फाइल चढवता येते, ब्राउझरमधून बोलता येतं किंवा टेबलावरच्या फोनवरूनही रेकॉर्ड करता येतं. फाइलचा प्रकार ते स्वतः बदलून घेतं.

पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती एक छोटी सोय. रेकॉर्डिंगला फीचर कोड, म्हणजे फोनवरून फिरवायचा छोटा नंबर, जोडता येतो. आमचे वजनकाट्यावरचे आबा कॉम्प्युटरला हात लावत नाहीत. सकाळी भाव ठरला की ते काट्यावरच्या फोनवरून कोड फिरवतात, पासवर्ड देतात, बोलतात, हॅश दाबतात आणि एकदा ऐकून घेतात. झालं. मी गावाला गेले असले तरी भाव शिळा राहत नाही. पासवर्ड मात्र ठेवाच. भावाचा आवाज बदलणं म्हणजे शेतकऱ्याशी केलेला बोल बदलणं आहे.

त्यासाठी मांडणी थोडी विचार करून करावी लागते. भाव एका स्वतंत्र, एकाच फाइलच्या रेकॉर्डिंगमध्ये ठेवा, स्वागत आणि मेनू (‘अमुक ऐकायला एक दाबा’ हा भाग) वेगळे. भाव ‘अनाउन्समेंट’ या सोयीतून वाजवायचा आणि तिथून मेनूकडे परत पाठवायचं. ‘अलाउ स्किप’ चालू केलं की रोजचा माणूस पूर्ण ऐकत न बसता पुढे जातो.

सोबत येणाऱ्या आवाजांत मराठी नाही. आमच्या उपयोगाचं सगळं आम्ही मराठीत आणि अहिराणीत भरलं. ‘आजना भाव ऐकासाठे एक दाबा’ हे आबांच्या आवाजात ऐकल्यावर म्हातारी माणसंही फोन न ठेवता बटण दाबतात, हे मी रोज पाहते. भाषेनुसार फाइली वेगवेगळ्या फोल्डरमध्ये राहतात, त्यामुळे गोंधळ होत नाही.

खरी मेहनत आकड्यांची. गाडीचा रांगेतला नंबर यंत्राने सांगावा असं आम्हाला हवं होतं. इंग्रजीत वीसनंतर दोन तुकडे जोडून काम भागतं, मराठीत सत्तेचाळीस असा जोडून तयार होत नाही. शंभरपर्यंत प्रत्येक आकडा वेगळा बोलावा लागला आणि नंबर येईल ती फाइल वाजवण्यासाठी डायलप्लॅनमध्ये (कॉलचं काय करायचं ते लिहिलेल्या सूचनांत) आमच्या ओळखीच्या मुलाने स्वतः ओळी लिहिल्या. जागेची काळजी नको. ८ किलोहर्ट्झ, १६ बिटचा आवाज सेकंदाला १६,००० बाइट घेतो. आकडा सेकंदभराचा धरला तर शंभर आकडे १.६ एमबीत बसतात.

साधी फोनलाइन ३०० ते ३४०० हर्ट्झच पुढे नेते. ‘सात’ आणि ‘साठ’ तिच्यावर सारखेच ऐकू येतात. म्हणून भाव दोनदा सांगतो, आधी पूर्ण आणि मग अंक सुटे करून. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. तो ‘आठ हजार एकशे दहा’ आणि लगेच ‘आठ, एक, एक, शून्य’. रेकॉर्डिंग मशिनं बंद असताना, मोकळ्या रुईच्या ढिगाजवळ केलं. तिथे आवाज घुमत नाही, इतका स्वच्छ आवाज ऑफिसात कधी आला नसता.

दोन लाइनी आणि एक फोन असलेल्या दुकानाला मी हे घ्या म्हणणार नाही, सांभाळायला जाणता माणूस लागतो. पण रोज बदलणारा निरोप शेकडो लोकांना द्यायचा असेल, तर याच्याइतकं सोयीचं मला काही मिळालं नाही. रेकॉर्डिंग्जचा बॅकअप त्याच्याच बॅकअप मॉड्यूलमधून घेता येतो. आबांच्या मूळ फाइली, टेलिफोनसाठी लहान करण्याआधीच्या, मी वेगळ्या पेन ड्राइव्हवरही ठेवल्या आहेत. लहान केलेल्या फाइलीतून पूर्ण आवाज परत मिळत नाही.